अहवाल आणि पत्र : काका कालेलकरांच्या मतांतराविषयी

मनुष्याची राजकीय मते जन्मभर एकच राहावीत ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती बहुधा दुसऱ्याविषयीच बाळगली जाते. कोणी मत पालटले की लोक त्याच्या मुळाशी लोभ तरी शोधतात, नाही तर भय. आचार्य काका कालेलकर यांच्या ठायी या दोहोंपैकी काहीही सापडत नाही. म्हणूनच त्यांच्या मतांतराचा विचार करणे अवघड आणि उपयुक्त आहे.

या मासिकाच्या वाचकांस काकासाहेब परके नव्हेत. १८८५ साली साताऱ्यास एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मातृभाषा मराठी; पण गुजरातीत त्यांनी इतके आणि असे लिहिले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. कोंकणीचा कैवार त्यांनी घेतला आणि रवींद्र केळेकरांसारखा लेखक त्यांच्या सहवासात घडला. तरुणपणी त्यांचा ओढा सशस्त्र क्रांतीकडे होता. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिकवीत होते. सरकारी रोषामुळे ती शाळा बंद पडली. १९१२ साली ते हिमालयात पायी निघून गेले. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि पुढचे सारे आयुष्य त्या मार्गास लागले.

हे पहिले मतांतर कोणालाही मान्य व्हावे असे आहे. क्रांतीचा मार्ग सोडून अहिंसेकडे येण्यास त्यांना काही वर्षे लागली, आणि त्या वर्षांत पणाला लागले होते ते त्यांचे स्वतःचेच आयुष्य. नोकरी गेली ती त्यांची, पाय झिजले ते त्यांचे, पुढे तुरुंगवास आला तोही त्यांनाच. मत बदलण्याची किंमत बदलणाऱ्यानेच चुकती केली, तर इतरांनी हिशेब मागण्याचे कारण उरत नाही.

दुसरे मतांतर मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावरचे आहे, आणि ते सरकारी कागदावर घडले. घटनेच्या ३४० व्या कलमान्वये २९ जानेवारी १९५३ रोजी मागासवर्ग आयोग नेमला गेला व काकासाहेब त्याचे अध्यक्ष झाले. आयोगाने ३० मार्च १९५५ रोजी अहवाल सादर केला. त्यात २,३९९ जाती मागास ठरविल्या, त्यांपैकी ८३७ अतिमागास. समस्त स्त्रीवर्ग मागास मानावा असे सुचविले. धंदेशिक्षणाच्या संस्थांत ७० टक्के जागा मागास वर्गांतील लायक विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात, अशीही शिफारस केली. मागासपणाच्या कसोटीत मुख्य वजन जातीला होते. अहवालावर अध्यक्ष म्हणून सही काकासाहेबांचीच आहे.

आणि त्याच अहवालाबरोबर राष्ट्रपतींस धाडलेल्या पत्रात काकासाहेबांनी त्याचा पायाच नाकारला! हे पत्र आम्ही अनेकदा वाचले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वरच्या जातींनी खालच्यांची जी उपेक्षा केली तिचे प्रायश्चित्त त्यांनी घेतले पाहिजे, असे त्यांना प्रारंभापासून वाटत होते, इतके की, वरच्या जातींतील गरिबांनाही या मदतीबाहेर ठेवण्यास त्यांची तयारी होती. पण जातीच्या पायावर उपाय योजले तर मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांवर त्याचा अनिष्ट परिणाम होईल, हे ध्यानी येताच त्यांना धक्का बसला. मूळ रोगापेक्षा आपला उपायच वाईट, अशा निष्कर्षास ते आले. ही जाणीव काम संपत आले तेव्हा झाली, सभासदांचा कल आपल्याला आवरता आला नाही आणि म्हणून नाइलाजाने आपण बहुमताबरोबर राहिलो, अशी कबुलीही त्यांनी तेथेच दिली आहे.

निव्वळ गद्य म्हणून पाहिले तर हे पत्र काकासाहेबांच्या उत्तम लेखनात मोडते. 'स्मरणयात्रे'त बालपण सांगताना ते आपले अपराध लपवीत नाहीत आणि त्यांचे समर्थनही करीत नाहीत. वाचकाला त्यांच्याविषयी प्रेम वाटते ते या मोकळेपणामुळे. तोच मोकळेपणा या पत्रात आहे. परंतु आठवणींच्या पुस्तकात जो गुण, तो राज्यकारभाराच्या कागदात गुणच राहील असे नाही. 'स्मरणयात्रा' वाचून कोणाचा हक्क बुडत नाही.

येथे आमचा वकिली पिंड आड येतो, त्यास इलाज नाही. न्यायासनावर बसलेल्या माणसाला सहकाऱ्यांचे मत पटले नाही, तर तो वेगळा निवाडा लिहितो. आयोगाचा सभासद भिन्नमतपत्रिका जोडतो. या आयोगातील तीन सभासदांनी जातीच्या कसोटीविरुद्ध तसे केलेही. त्यांच्याशी मतभेद असू शकेल, पण त्यांची भूमिका काय हे कोणालाही सांगता येते. अध्यक्षांनी मात्र सही बहुमताला दिली आणि मन अल्पमताला. आपण लिहून दिलेल्या दस्तावर दुसरा विसंबला असेल, तर तो दस्त आपणच नाकारू नये, असे कायदा सामान्य माणसालाही बजावतो. आयोगाच्या प्रश्नावलीस उत्तरे देणारे आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणी मांडणारे लोक कशावर विसंबले होते?

सरकारला हे पत्र सोयीचे झाले. १९५६ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या काळात अहवाल संसदेपुढे आला, तो जातीच्या कसोटीवर आक्षेप घेणाऱ्या सरकारी टिपणासह. १९६१ साली केंद्राने राज्यांना आपापल्या याद्या करण्यास सांगितले व आर्थिक कसोटीकडे कल दाखविला. केंद्राच्या नोकऱ्यांपुरता प्रश्न मंडल आयोगाच्या शिफारशी १९९० साली स्वीकारल्या जाईपर्यंत लोंबकळत राहिला. १९५५ साली अठरा वर्षांचा असलेला कोष्ट्याचा किंवा तेल्याचा मुलगा तोवर त्रेपन्न वर्षांचा झाला होता. सगळा दोष पत्राचा नव्हे. ज्यांना नकार द्यायचा होता त्यांनी दुसरे निमित्त शोधलेच असते. पण निमित्त पुरविले ते अध्यक्षांनी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आमचे हे लिहिणे एकतर्फी फिर्याद होईल. काकासाहेबांची शंका पोकळ नव्हती. १९६२ साली बालाजी खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी जात ही एकमेव अथवा वरचढ कसोटी होऊ शकत नाही, असे म्हटले. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातीपासून प्रारंभ करण्यास मोकळीक दिली, २७ टक्के राखीव जागा वैध ठरविल्या, आणि त्याच वेळी मागास वर्गांतील पुढारलेल्या कुटुंबांना वगळण्यास सांगितले. काकासाहेबांना जे 'हे किंवा ते' असे भासले, ते न्यायालयाने 'हेही आणि तेही' असे जुळवून घेतले. ती जुळणी १९५५ सालीच अहवालात करता आली असती. अध्यक्षांनी ती पत्रात नव्हे, तर आयोगाच्या बैठकीत मांडावयास हवी होती.

ज्या भीतीने त्यांचे मत फिरले, ती भीती मात्र आम्हांस बऱ्हाणपुरात बसून पटत नाही. या गावात पिढ्यान्‌पिढ्या माग चालविणारा मोठा समाज मुसलमान आहे. हातमाग गेले, यंत्रमाग आले, माणसे तीच. मंडल आयोगाने हिंदूंखेरीज इतर धर्मांतील अशा धंदेवाईक जमातींनाही मागास मानले. धर्म कोणताही असो, मागावरच्या माणसाचे मागासपण मागाबरोबर वारशाने येते. ते मान्य केल्याने तो समाज फुटला असे आम्हांस येथे दिसले नाही. जातीचा दाखला काढण्यासाठी कचेरीत तिष्ठत उभा असलेला तरुण पुष्कळदा चिडलेला दिसतो, पण तो दाखला वेळेवर मिळत नाही म्हणून.

काकासाहेबांविषयी बोलताना एक पक्ष त्यांना दगलबाज म्हणतो आणि दुसरा म्हणतो की अखेरीस त्यांचे डोळे उघडले. दोन्ही पक्ष पत्रापुरतेच वाचतात. आपल्या देवस्थानांच्या वाचनालयांतून 'स्मरणयात्रा' आढळते, अहवाल क्वचितच. तो मिळविण्याची खटपट जे करतील, त्यांस आमचे सांगणे एवढेच की पत्र अहवालाच्या आरंभी छापले असले, तरी ते मागाहून वाचावे. आधी त्या २,३९९ नावांची यादी पाहावी.