सुवर्णवजने

सोने तोलण्यासाठी वापरावयाची लहान वजने. महाराष्ट्रातील सोनारांच्या परंपरागत तोलाचा पाया गुंजेचे बी हा होता : आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा. मनुस्मृतीत पाच कृष्णलांचा (गुंजांचा) माष व सोळा माषांचा सुवर्ण सांगितला आहे; म्हणजे कोष्टके बदलली, तरी बी तेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये १८० ग्रेनांचा (सु. ११.६६ ग्रॅ.) तोळा प्रमाण मानला. त्या हिशोबाने गुंज सु. ०.१२ ग्रॅ. भरते.

पश्चिम आफ्रिकेतील घाना व आयव्हरी कोस्ट येथील अकान लोकांतही लहान वजनांसाठी हेच लाल-काळे बी वापरात होते. पुढची वाट मात्र निराळी. सु. १४०० ते १९०० या काळात तेथे सोन्याची भुकटी हेच चलन असल्याने पितळी वजने विपुल घडली. मेणाच्या आकृतीवर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतीत. साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक वजन स्वतंत्र असे. भुंगा किंवा भुईमुगाची शेंग यांवर थेट माती लिंपूनही ओतकाम करीत. आरंभीची वजने भौमितिक, तर नंतरच्यांत माणसे व पशुपक्षी अवतरतात. पोट एकच असूनही घासासाठी भांडणाऱ्या दोन मगरी, मान मागे वळविलेला पक्षी इ. आकृत्या म्हणींशी निगडित आहेत. सगळ्याच वजनांमागे म्हण शोधण्याचा संग्राहकांचा हव्यास मात्र अनाठायी होय.

संग्रहालयांत ही वजने तराजूपासून तुटून नुसत्या मूर्ती म्हणून मांडली जातात आणि तेथेच त्यांचे मूल्यमापन चुकते. वजन कमी भरल्यास आकृतीत शिसे भरीत. जास्त भरल्यास ती कानशीने घासत, प्रसंगी तिचा अवयवही छाटीत. सौंदर्याहून तोल श्रेष्ठ, ही त्या कारागिराची निष्ठा असे घाव झेललेल्या वजनांत अधिक दिसते. मराठी सोनाराने वजन अनलंकृतच ठेवले, कलाकुसर दागिन्यात ओतली. म्हणीचे रूप वजनाला आले नाही, तरी ‘तोळामासा प्रकृती’सारख्या प्रयोगांतून वजन भाषेत उतरले. १९५६ च्या अधिनियमाने मेट्रिक पद्धती आल्यावर गुंज व मासा व्यवहारातून गेले. तोळा हा शब्द सराफ बाजारात टिकून आहे. पण बोलण्यात तो आता बहुधा १० ग्रॅमचाच धरतात.