अंकेक्षण आणि श्रवण : सामाजिक अंकेक्षणाच्या भाषेची चिकित्सा

सार्वजनिक खर्चाची तपासणी ज्यांच्यासाठी तो खर्च झाला त्यांनीच करावी, या कल्पनेस आपल्या शासनव्यवहारात ‘सामाजिक अंकेक्षण’ असे नाव रूढ झाले आहे. या विषयावरील चर्चा आजवर बहुतांशी प्रशासनशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या कक्षेत झाली. नागरिकांचे हे अंकेक्षण अधिक समर्थ कसे व्हावे, या प्रश्नास स्वतंत्र यंत्रणा, पुरेसा निधी, प्रशिक्षित कर्मचारी अशी उत्तरे दिली जातात. ती यथार्थ आहेत. परंतु पुरेशी नाहीत. अंकेक्षण ही मूलतः एक भाषिक क्रिया आहे, आणि ती ज्या भाषेत घडते त्या भाषेची चिकित्सा केल्यावाचून तिच्या यशापयशाची मीमांसा पुरी होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम संज्ञेकडे पाहू. ‘अंकेक्षण’ म्हणजे अंकांचे ईक्षण, आकडे पाहणे. मराठीत ‘लेखापरीक्षण’ हा शब्द रूढ असताना हा दुसरा शब्द हिंदीच्या शासनव्यवहारातून आलेला दिसतो. दोन्ही संज्ञांत पाहणारा आहे व पाहावयाची वस्तू आहे. उत्तर देणाऱ्यास मात्र त्यांत स्थान नाही. याउलट ‘हिशेब मागणे’, ‘जाब विचारणे’, ‘झाडा घेणे’ हे मराठीतील जुने प्रयोग घ्यावेत. त्यांत विचारणाऱ्यासमोर उत्तर देणारा अपरिहार्यपणे उभा असतो. इंग्रजी ‘ऑडिट’ या शब्दाचे मूळही ऐकण्यात आहे; लॅटिन ‘आउदिरे’ म्हणजे ऐकणे. हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा व ऐकणाऱ्याने तो मान्य वा अमान्य करावा, ही जुनी रीत त्या शब्दात साठविलेली आहे. केवळ व्युत्पत्तीवरून व्यवहार सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु येथे व्यवहाराचा इतिहासही तिला दुजोरा देतो.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, २००५ साली व्हावयाचा होता. त्यामुळे जी कागदपत्रे हाती आली तेवढ्यांवरच काम चालले. संघटनेची पद्धत साधी होती. हजेरीपटावरील नावे, दिवस व रकमा गावासमोर मोठ्याने वाचावयाच्या, आणि ज्याचे नाव वाचले गेले त्याने ते खरे की खोटे हे सांगावयाचे. जे कधी कामावर गेलेच नव्हते अशांची नावे कागदावर निघाली. प्रत्यक्ष मिळालेली मजुरी व नोंदलेली मजुरी यांतील अंतर उघडे पडले. कागद तेच होते. ते ज्यांच्याविषयी होते त्यांच्या कानी मात्र ते प्रथमच पडत होते.

या पद्धतीचे सामर्थ्य कशात आहे? आमच्या मते ते विधानाच्या खंडनीयतेत आहे. ‘काम क्रमांक अमुक, मनुष्यदिन ३६०, खर्च अमुक’ या विधानाला गावातील कोणतीही व्यक्ती ‘खोटे’ म्हणू शकत नाही. कारण मनुष्यदिन कोणीच भरलेला नसतो, तो बेरजेने निर्माण होतो. ‘पावसाळ्यापूर्वी पाझर तलावाच्या कामावर तू चौदा दिवस होतीस आणि चौदा दिवसांचे पैसे तुला मिळाले’ हे विधान मात्र ऐकणारी स्त्री त्याच क्षणी खोडून काढू शकते. मोजमापाचेही असेच आहे. खोदाई घनमीटरमध्ये नोंदली जाते. गावच्या व्यवहारात मुरूम व खडी यांचे माप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, चालते. एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, हे रूपांतर मोजमाप पुस्तिकेतील आकड्यास कोणी करून दिले नाही, तर ज्याने खड्डा खणला त्यालाच त्या खड्ड्याविषयी मत राहत नाही. तात्पर्य, नोंदीचे नकार देता येण्याजोग्या वाक्यात रूपांतर करणे, हेच नागरिकांच्या अंकेक्षणाचे केंद्रवर्ती काम होय.

कायद्याने या कामाची कितपत दखल घेतली? राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या कलम १७ ने ग्रामपंचायतीतील सर्व कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावे, त्यासाठी अभिलेख पंधरा दिवस आधी मिळावेत, आणि अहवाल स्थानिक भाषेत सिद्ध करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, असे ठरविले. ‘स्थानिक भाषा’ हा शब्दप्रयोग येथे परीक्षणीय आहे. महाराष्ट्रात त्याचा अर्थ व्यवहारतः मराठी असा होतो. परंतु मेळघाटात घराघरांत कोरकू बोलली जाते, आणि ती मुंडा शाखेची भाषा आहे; भामरागडकडील माडिया द्राविड कुलातील आहे. या भाषांशी मराठीचे कुलसंबंध नाहीत. ‘थोडी वेगळी बोली’ म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. शिवाय फलकावरील अहवाल हा पुन्हा पाहावयाचा अहवाल आहे. ज्यास अक्षरओळख नाही त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठीतील कागद व इंग्रजीतील कागद यांत फारसा भेद नसतो.

दुसरा दोष वाक्यरचनेचा आहे. आपल्या शासकीय मराठीचा मोठा भार ‘-ण्यात येणे’ या रचनेवर आहे. ‘मजुरी अदा करण्यात आलेली नाही’, ‘रक्कम वसूल करण्यात यावी’ अशी वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात. मात्र कर्त्याचा उच्चार न करता ती पुरी होतात. मजुरी कोणी अडविली, वसुली कोणी व कोणत्या दिवसापर्यंत करावयाची, हे न सांगताही वाक्य पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. ज्या प्रक्रियेचे प्रयोजनच हरवलेला कर्ता शोधणे हे आहे, तिचा निष्कर्ष कर्तृलोपी वाक्यात लिहिला जावा, ही विसंगती होय. २०११ च्या नियमांनुसार निष्कर्षांवरील कारवाईची जबाबदारी राज्य शासनावर होती, म्हणजे शेवटी त्याच प्रशासनावर. तेव्हा वाक्यात ज्याचे नाव नाही त्याच्यापर्यंत कारवाई पोहोचावी, ही अपेक्षाच व्यर्थ ठरते.

यावर आक्षेप येईल की, पारिभाषिक संज्ञांवाचून हिशेब चालत नाही आणि नाव घेऊन आरोप करणे अन्यायाचे होऊ शकते. पहिला आक्षेप मान्य आहे. मनुष्यदिन हवाच, परंतु तो गावासमोर येण्यापूर्वी नावांत व दिवसांत उलगडला पाहिजे. दुसऱ्यास उत्तर असे की, ज्याचे नाव येते त्यास समोरासमोर उत्तर देण्याची संधी जनसुनवाईतच मिळते. कर्त्याचे नाव गाळल्याने निर्दोष मनुष्याचे रक्षण न होता सर्वांवरच समान संशय राहतो. याहून गंभीर मर्यादा निराळीच आहे. ज्या ग्रामरोजगारसेवकाकडून उद्या काम मिळावयाचे, किंवा ज्या शेतमालकाच्या बांधावर उपजीविका अवलंबून, त्याच्यासमोर उभे राहून ‘हे खोटे’ म्हणणे कोणत्याही भाषेत अवघड असते. कोटकिरान्यात बोलणाऱ्यांच्या पाठीशी संघटना होती. भाषेची सुधारणा त्या आधाराची जागा घेऊ शकत नाही. आधार असेल तेथे ती त्यास शब्द पुरवू शकते, एवढेच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या अधिनियमाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आहे. अशा वेळी जुन्या नियमांच्या अनुभवातून तीन गोष्टी तरी पुढे नेल्या जाव्यात. अभिलेख हाती येताच त्यांचे नाववार व तेथील बोलीत वाचन तयार व्हावे. प्रत्येक निष्कर्षवाक्यात कर्ता व मुदत असावी. आणि ऐकणाऱ्याने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदले जाऊन पुढील सभेचा आरंभ त्या नोंदीच्या वाचनाने व्हावा. या कामी भाषाविज्ञानाच्या विभागांना करण्याजोगे बरेच आहे. कोरकू किंवा माडियात ‘हजेरी’, ‘थकबाकी’, ‘वसुली’ यांसाठी बोलणारे कोणते शब्द वापरतात, याची साधी पाहणीही आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. ती झाल्यास त्या गावांतील वाचणाऱ्याच्या हाती ऐकणाऱ्याला कळणारे वाक्य पडेल, आणि ऐकणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याची जागा मिळेल.