प्रभाकर बरवे : वस्तूकडे पाहावयास शिकविणारा चित्रकार

चित्रकार प्रभाकर बरवे यांचे नाव निघाले की ‘अतिवास्तववादी’ हे विशेषण पुष्कळदा त्यास चिकटूनच येते. विशेषणाने ओळख सुलभ होते हे खरे. परंतु त्याबरोबर पाहण्याचे श्रमही वाचतात, आणि चित्राच्या बाबतीत ते श्रम वाचविणे म्हणजे चित्रास मुकणेच होय. म्हणून हे विशेषण बरवे यांना कितपत शोभते, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागनजीक नागाव येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतर ते सरकारी विणकर सेवा केंद्रात रुजू झाले व १९६१ ते १९६५ ही वर्षे त्यांनी काशीस काढली. तेथे तांत्रिक आकृतींचा ठसा त्यांच्या चित्रांवर उमटला. पुढे तो ओसरला, आणि घड्याळ, पान, शिंपला अशा नित्याच्या वस्तू त्यांच्या चित्रांत वस्तीस आल्या. १९७६ साली ‘ब्ल्यू क्लाउड’ या चित्रास ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली ते निवर्तले.

आता अतिवास्तववादाचे पाहू. आंद्रे ब्रताँ याने १९२४ साली पॅरिसमध्ये त्याचा जाहीरनामा काढला. बुद्धीचा पहारा उठवावा आणि स्वप्नात जे मोकाट सुटते त्यास कलेत वाट करून द्यावी, हे त्या पंथाचे सूत्र; फ्रॉइडच्या मानसशास्त्रावर ते आधारलेले होते. दाली याने १९३१ साली काढलेली वितळून लोंबणारी घड्याळे पाहणारास दचकवितात. बरवे यांचे घड्याळ वितळत नाही. मोकळ्या, सपाट रंगक्षेत्रावर ते शांतपणे असते, आणि शेजारी एखादे पान असते. व्यवहारात या दोहोंचे नाते नाही; तरी पाहता पाहता पानाच्या शिरा आणि घड्याळाचे काटे एकाच काळाची दोन मोजमापे वाटू लागतात. दारेखिडक्यांना द्यावयाचा एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. त्याच्या नितळ थरात हाताचा आवेश लोपतो आणि वस्तू तेवढी उरते. स्वप्नापेक्षा ही अवस्था एकाग्र जागेपणाच्या अधिक जवळची आहे. सबब ते विशेषण आम्हांस अपुरे वाटते.

या जागेपणाची शिकवण त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिली आहे, आणि आमच्या मते बरवे यांचे शिक्षकपण येथेच पाहावे. वस्तू, आकार, अवकाश आणि प्रतिमा यांचा विचार एका चित्रकाराने मराठीत, स्वतःच्या कामाच्या अनुभवातून केला, ही गोष्ट सामान्य नव्हे. शांता गोखले यांनी तो ग्रंथ इंग्रजीतही नेला आहे. त्यात उणिवा नाहीत असे नाही. जेथे एखाद्या चित्राचे उदाहरण हवे तेथे कित्येकदा निव्वळ तत्त्व येते, व वाचक अडखळतो. चित्रांतही मनुष्याच्या सुखदुःखाचा शोध घेणारास ही सृष्टी काहीशी थंड वाटेल. परंतु त्या थंडपणातच तिची निष्ठा आहे.

२०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. पण दापोलीसारख्या गावी राहणारास मूळ चित्रे पाहण्याचा योग क्वचितच येतो, आणि छापील प्रतिकृतीत एनॅमलची झळाळी उतरत नाही. ग्रंथ मात्र येथवर पोहोचतो. आमच्या घरांतील मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना बसतात आणि तांब्या-भांडे मांडून वस्तुचित्र काढतात. छाया कोणत्या बाजूस पडली हे त्यांस विचारले जाते. तो तांब्या तुला कसा दिसला, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुढे तीच मुले वडीलधारी होऊन नव्या चित्रापुढे ‘याचा अर्थ काय?’ म्हणून उभी राहतात, आणि उत्तर न मिळाल्यास रागावतात. दोष चित्राचाही नसतो, त्यांच्या बुद्धीचाही नसतो. पाहणे ही शिकावयाची गोष्ट आहे, हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसते.

बरवे यांनी ते सांगितले आहे. हर्णै-मुरुडच्या पुळणीवर मुले शिंपले वेचतात आणि घरी आणून विसरतात. ‘कोरा कॅनव्हास’ वाचलेल्या आईबापांनी त्यांतील एक शिंपला कोऱ्या कागदावर ठेवून मुलासमवेत पाव घटका नुसता पाहावा. अर्थाचा प्रश्न मग आपोआप मागे पडेल, अशी आमची खात्री आहे.