साठ टक्के म्हणजे किती?

‘सुंता केल्यास पुरुषाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साठ टक्क्यांनी घटतो’ हे विधान वारंवार वाचनात येते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे.

त्याचा आधार तपासू. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात आलेल्या, लागण नसलेल्या २२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्यांत लागण बरीच कमी आढळली. जागरूक शिक्षक लगेच विचारील: हा परिणाम सुंतेचा की वागणुकीचा? उत्तराचा धागा त्याच अभ्यासात आहे. परमा, उपदंश या रोगांत असा फरक दिसला नाही. वागणूक हेच कारण असते, तर हे रोगही घटले असते. म्हणजे कारण शरीरात शोधायला हवे. शिश्नावरील त्वचेच्या आतल्या नाजूक थरात, विषाणू ज्यांत शिरतो अशा पेशी विपुल असतात. तरीही सुंता झालेले पुरुष होते फक्त १९१. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून चाचण्या झाल्या. त्यांपैकी दक्षिण आफ्रिकेतील २००५ चे आकडे पाहा. दर १०० पुरुषांमागे वर्षाला लागण: सुंता न केलेल्या गटात २.१, सुंतेच्या गटात ०.८५. घट साठ टक्के. पण शंभरात वाचला सव्वा माणूस!

भारतात प्रौढांपैकी सुमारे ०.२ टक्के एचआयव्हीबाधित आहेत. लागण मुळातच विरळ असेल, तर तेवढ्याच टक्क्यांच्या घटीने वाचणारी माणसे फारच थोडी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची शिफारस मुख्यतः साथ सर्वदूर पसरलेल्या देशांसाठी होती. सोलापूरच्या वर्गात तो आकडा तसाच सांगणे म्हणजे कोकणचा पाऊस धरून इथल्या ज्वारीचा हिशेब करणे.

यात धोकाही आहे. ज्या मुलांच्या घरी सुंतेची रूढी आहे, ती स्वतःला सुरक्षित समजतील. इतरांना निरोध अनावश्यक वाटेल. शिवाय बाधित पुरुषाची सुंता केल्याने जोडीदार स्त्रीला होणारी लागण घटल्याचे युगांडातील २००९ च्या अभ्यासात आढळले नाही.

तेव्हा फळ्यावर ‘६० टक्के’ लिहिलेत, तर शेजारी २.१ आणि ०.८५ लिहा. वजाबाकी मुलांना करू द्या.