वादातून उजळणारा विश्वास : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे एक वाचन

आद्य ख्रिस्तसभेतील वादांचा अभ्यास आम्ही सेमिनरीत केला, तो बहुधा निकालपत्र वाचावे तसा. आरियस चुकला, अथनेशियस बरोबर ठरला, ३२५ साली नायसियाच्या परिषदेने निर्णय दिला. परीक्षेपुरते एवढे पुरे होई. आरियसचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचू गेल्यास थोडी पत्रे तेवढी हाती लागतात. त्याच्या ‘थालिया’ या रचनेचे जे अंश उरले, ते मुख्यतः अथनेशियसने खंडनासाठी उतरून घेतले म्हणून.

या वादांच्या अभ्यासकाने पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार अवश्य वाचावा, कारण तेच प्रश्न तेथे मराठी मनातून पुन्हा उमटले आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाईंनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. पुढील दोन वर्षांत पवित्र त्रैक्य, प्रभूचे ईश्वरत्व आणि अथनेशियसच्या नावाने चालत आलेला विश्वासांगीकार यांवरून त्यांचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तीव्र वाद झाला. ही पत्रे सिस्टरांनीच जपली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली.

सिस्टरांची टिप्पणी एकपक्षी आहे. शिष्येच्या शंकांत त्यांना अहंभाव दिसतो. तरीही ती पत्रे त्यांनी राखून ठेवली, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. आरियसच्या वाट्याला असे संग्राहक आले नाहीत.

बाईंचे बळ त्यांच्या निर्भयतेत आहे. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या अधीन होण्यास त्या नकार देतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे चालतात, मग संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. त्यांची मर्यादा अशी की, शास्त्रवचनाने वाद आपोआप मिटेल असे त्या धरून चालतात. आरियसही शास्त्रवचनेच पुढे करीत होता. योहान १४:२८ हा त्याच्या पक्षाचा मोठा आधार होता. म्हणूनच नायसियाच्या आचार्यांना ‘होमोऊसियोस’, म्हणजे पित्याशी एकतत्त्व, हा पवित्र शास्त्रात नसलेला शब्द स्वीकारावा लागला. शास्त्रातील शब्द विरोधकही आपल्या अर्थाने मान्य करीत होते, असे कारण अथनेशियसने दिले आहे.

उलट, बाईंना जाचलेला विश्वासांगीकार अथनेशियसचा नव्हेच. ती नंतरच्या काळातील लॅटिन रचना आहे. तिच्या आरंभीच, न मानणाऱ्याचा नाश होईल अशी ताकीद आहे. ज्या जिज्ञासूला आधी ताकीद ऐकू येते, त्याच्यापर्यंत कारणमीमांसा पोहोचणे कठीण. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्या पत्रांत मात्र शंकेला शंका म्हणून उत्तर देण्याची तयारी आढळते. मला ती पत्रे अधिक मोलाची वाटतात.

१९०७ साली लिहिलेल्या आत्मसाक्षीत बाई सांगतात की, आरंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो पुढे सापडला. पण त्यांचे प्रश्न दडपल्यामुळे नव्हे.

२०२५ साली नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. आमच्या कोल्हारच्या धर्मशिक्षणवर्गात मुले आजही विचारतात, “येशू देव होता, तर त्याने प्रार्थना कोणाची केली?” अशा प्रश्नाला मी पूर्वी “ते गूढ आहे” एवढे म्हणून पुढे गेलो आहे. गूढ तर ते आहेच. परंतु आचार्यांनी ते गूढ मान्य करूनही वर्षानुवर्षे उत्तर शोधले. निदान तेवढा वेळ त्या मुलांना देणे आपले कर्तव्य आहे.