लक्ष असूनही न दिसणारे

ख्रिस्तोफर शाब्री आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांचे ‘द इन्व्हिजिबल गोरिला’ हे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मुळाशी असलेला १९९९ चा प्रयोग अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. चित्रफितीत पांढऱ्या सदऱ्यांतले तिघे व काळ्या सदऱ्यांतले तिघे आपापसांत चेंडू टाकत असतात. पांढऱ्यांनी चेंडू किती वेळा टाकला, ते मोजायचे. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती येते, छाती बडवते आणि निघून जाते. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसतच नाही.

वर्गात ही गंमत म्हणून दाखवली जाते. पुस्तकाचे मोल असे, की ते गमतीपाशी थांबत नाही. १९९५ साली बोस्टनमध्ये संशयिताच्या मागे धावणाऱ्या एका पोलिसाने, वाटेत चाललेली मारहाण आपल्याला दिसली नाही, असे सांगितले. ते खोटे मानून त्याला दोषी ठरवण्यात आले; पुढे तो निकाल रद्द झाला. ‘समोर असते ते दिसतेच’ ही आपली समजूत किती महाग पडते, हे लेखक नेमके दाखवतात.

डोळ्यांत दोष नसतो. २०१३ साली २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधायला सांगितले होते. त्यांत दडवलेला छोटा गोरिला २० जणांना दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर त्याच्यावरून गेली होती. तेव्हा हे दुर्लक्ष नव्हे, लक्ष दिल्याची ती किंमत आहे.

पुस्तकात दोन उणिवा जाणवतात. अवधान, स्मृती, आत्मविश्वास यांसारख्या सहा निरनिराळ्या गोष्टी ‘भ्रम’ या एकाच नावाखाली बांधल्या आहेत. अवधानाची मर्यादा ही मेंदूच्या कामाची रीत. फाजील आत्मविश्वास ही वेगळी बाब. दुसरे म्हणजे, निदान सविस्तर आहे, उपाय मात्र त्रोटक.

उपायाचा एक नमुना कबड्डीत आहे. डिलाईल रोडच्या श्रमिक जिमखान्यात सामना पाहताना प्रेक्षकांचे डोळे चढाई करणाऱ्यावर खिळलेले असतात. त्याच क्षणी बचाव करणाऱ्याचा पाय अंतिम रेषेबाहेर गेला, तर किती जणांना कळेल? म्हणून खेळाने एकाच माणसाला ‘नीट बघ’ असे सांगितलेले नाही. सरपंच, दोन बाजूंना दोन पंच, शिवाय रेषांपाशी सहाय्यक, अशी नजर वाटून दिली आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज करता येईल. चौघांच्या गटात तिघे तापमापी, घड्याळ आणि नोंदवही सांभाळतील. चौथ्याला मोजण्याचे कोणतेच काम नको. ‘आणखी काय घडले?’ एवढेच त्याने लिहावे. ‘लक्ष कुठे आहे?’ असे विद्यार्थ्याला दरडावण्यापूर्वी, आपण त्याचे लक्ष कशाला जुंपले होते, हे शिक्षकाने स्वतःला विचारावे. हा प्रश्न मनात ठेवून पुस्तकाचे पहिले प्रकरण तरी प्रत्येक शिक्षकाने वाचावे.