आई जवळ, वतन दूर

आईला कर्करोग झाल्याचे कळले की परदेशी राहणारा मुलगा तिला आपल्याजवळ आणू पाहतो. काश्मिरी कवी आगा शाहिद अली यांची आई मेंदूच्या कर्करोगावरील उपचारासाठी जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेत आली. २७ एप्रिल १९९७ रोजी तिथेच वारली. ‘रूम्स आर नेव्हर फिनिश्ड’ (२००१) हा त्यांचा इंग्रजी संग्रह या दुःखातून आला आहे.

‘लेनॉक्स हिल’ या कवितेत न्यूयॉर्कच्या इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर आईला सायरनचे आवाज पीरपंजालच्या कड्यांवरून लोटलेल्या हत्तींच्या चीत्कारांसारखे वाटतात. ‘आई’ आणि ‘काश्मीर’ हे शब्द ओळींच्या शेवटी पुनःपुन्हा येतात. हा रचनेचा नियम खरा. पण आईच्या उशाशी बसून मुलाने तसबीह फिरवावी, तसे ते ऐकू येतात.

मय्यत काश्मीरला नेतानाच्या दीर्घ कवितेत करबलाचा शोक आहे. तिथे आईच्या साध्या आठवणी कधी कधी इतिहासाच्या भाराखाली दबतात.

आखातातून औषधांचे पैसे पाठवणारा आपला कोकणी तरुण ‘मी जवळ नाही’ म्हणून खचतो. शाहिद यांच्या कवितेत आईला मुलगा मिळतो, पण घर सुटते. यांतले कोणते अंतर अधिक सलते, हे आईलाच विचारायला हवे.